हार्बर लाइन सँडहर्स्ट रोडला पुलावर का चढते? आणि कुलाब्याची रेल्वे कुठे गेली?

हार्बरवाला_वाशी:
रोज वाशीवरून सीएसएमटीला येतो. डॉकयार्ड रोड सोडलं की गाडी बिल्डिंगींच्या वरच्या मजल्याच्या लेव्हलला चालते, दोऱ्यांवरचे कपडे, गॅलरीतल्या कुंड्या सगळं खिडकीला लागून. मग सँडहर्स्ट रोडला आपण वर आणि मध्य रेल्वेची मेन लाइन खाली. हे असं का बांधलं असेल? आणि आजोबा म्हणायचे की पूर्वी गाडी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायची, ते खरंय का? खरं असेल तर ती लाइन गेली कुठे?

मस्जिदबंदर:
सीएसएमटीला हार्बरचे प्लॅटफॉर्म आठवा, १ आणि २, म्हणजे एकदम पश्चिमेच्या टोकाला. पण हार्बर लाइन तर येते पूर्वेकडून, गोदीच्या बाजूने. म्हणजे मेन लाइनचे सगळे रूळ कुठेतरी ओलांडायलाच हवेत, आणि त्याच लेव्हलला ओलांडले तर दोन्ही बाजूंच्या गाड्या सारख्या एकमेकींसाठी थांबून राहणार. म्हणून हार्बर डॉकयार्ड रोडपासून उंचावरून आणली, सँडहर्स्ट रोडला मेन लाइनच्या डोक्यावरून तिरकी पलीकडे नेली आणि मस्जिदला परत जमिनीवर उतरवली. आधी १९१० पासून ही लाइन कुर्ला ते रे रोड एवढीच होती. हा जोड झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (म्हणजे नंतरचं सीएसटी, आताचं सीएसएमटी) ते कुर्ला देशातली पहिली इलेक्ट्रिक लोकल धावली, ती याच पुलावरून! सँडहर्स्ट रोडला खालच्या प्लॅटफॉर्मवर उतरून लोखंडी खांब नीट बघा, जीआयपीआर (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आताची मध्य रेल्वे), १९२१ आणि ग्लासगोच्या कारखान्याचं नाव अशी ओतीव अक्षरं दिसतील, रंगाचे थर चढलेत तरी वाचता येतात. उद्या स्टेशनचं काम निघालं तर ते खांब भंगारात जाऊ नयेत असं मला फार वाटतं.

बॅकबे७१:
आजोबा बरोबर सांगायचे. बीबीसीआयची (म्हणजे आताच्या पश्चिम रेल्वेची) लाइन कुलाब्यापर्यंत होती, १८९६ मध्ये तिथे चांगलं मोठं स्टेशन बांधलं होतं, आणि १९२८ ला इलेक्ट्रिक लोकल सुरू झाली तीसुद्धा कुलाबा ते बोरिवली. कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्यात, त्यामुळे मालगाड्यांचीही ये-जा. मग कापूस शिवडीकडे गेला (कॉटन ग्रीन स्टेशन त्याचंच), इकडे बॅकबेच्या समुद्रात भराव टाकून नवी जमीन तयार होत होती आणि सरकारला चर्चगेटच्या दक्षिणेला रूळ नको होते. डिसेंबर १९३० मध्ये बॉम्बे सेंट्रल सुरू झालं, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या आणि वर्ष संपता संपता कुलाबा बंद. कफ परेडला बधवार पार्क आहे ना, रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी, ती त्या स्टेशनच्याच जागेवर. आज त्या बाजूला रोज किती माणसं नोकरीला जातात आणि चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहतात, ते बघितलं की हा निर्णय चुकलाच असं मी म्हणेन.

हार्बरवाला_वाशी:
वा, दोघांचेही आभार. अशा अजून बंद पडलेल्या लाइनी आहेत का मुंबईत?

कुर्लेकर:
आहेत की! अंधेरी ते ट्रॉम्बे, कुर्ल्यावरून. १९२८ ला चालू, १९३४ ला बंद, जेमतेम सहा वर्षं. कुर्ला-कलिनाचा सीएसटी रोड व्हीटीवरून नाही, सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आलाय, तो याच लाइनशी जोडलेला. अंधेरीहून कुर्ला-घाटकोपरच्या बाजूला थेट रुळांवरून जायची सोय त्यानंतर २०१४ ला घाटकोपर मेट्रो आल्यावर झाली, म्हणजे ऐंशी वर्षांनी, आणि तीही परत खांबांवरूनच. मधली सगळी वर्षं लोक बसमध्ये लटकत नाहीतर दादरला गाडी बदलत जात होते.

मस्जिदबंदर:
बॅलार्ड पिअरचं मोल स्टेशन राहिलं. विलायतेच्या बोटीतून उतरलेला प्रवासी आणि टपाल धक्क्यावरच गाडीत चढायचं, पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सीझनमध्ये तिथूनच सुटायची. रूळ पोर्ट ट्रस्टचे, वडाळ्याकडे जाणारे. रे रोडपासून शिवडीपर्यंत हार्बरमधून पूर्वेच्या खिडकीतून बघत राहा, गोदामांच्या मधून त्या जुन्या रुळांचे तुकडे अजून दिसतात.