स्टेअरिंगला हुडहुडी भरते तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

कोपरगावकर
परवा नागपूरहून येताना समृद्धीवर मेव्हण्याची गाडी चालवत होतो. शंभरपर्यंत लोणी. एकशेपाचला स्टेअरिंग थरथरायला लागलं. मागून मेव्हणा, डोळेही न उघडता, "असंच करते ती. एकशेवीसला गेलास की थांबते."

एकदम १९९४ आठवलं. बाबांची सेकंडहँड जीप, पुढचा अ‍ॅक्सल अखंड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला, आणि तो स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला. येवल्याच्या अलीकडे साठच्या वेगात डावं चाक खड्ड्यात गेलं आणि पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागली. फडफडच, दुसरा शब्द नाही. बॉनेट डावीउजवीकडे हलताना दिसत होतं. बाबांनी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय काढला. वीसवर आल्यावर थांबलं. आजीने मांडीवरचा पुरणपोळ्यांचा डबा सोडला नव्हता. बाबांचा अंगठा मात्र स्टेअरिंगच्या आत होता, त्यावर आऱ्याचा फटका बसला. पंधरा दिवस हळद-चुन्याचा लेप. तेव्हापासून आमच्या घरात कुणी अंगठा आत घालत नाही. आता पॉवर स्टेअरिंग आलं तरी माझा बाहेरच असतो.

मिसळवाला
एकशेवीसला थांबते हाहाहा. समृद्धीची मर्यादा पण १२०. मेव्हणे कायद्याला धरून आहेत.

लाल_माती
आमचं वेगळंच. गणपतीला गावी गेलो, गाडी चार दिवस खळ्याबाहेर चिखलात. परतताना महाडच्या पुढे ऐंशीला स्टेअरिंग असं नाचायला लागलं की बायको म्हणाली एसटीने जाऊया. पनवेलला एकाने लोअर आर्म, टायरॉड एंड, म्हणजे चाक धरणारे आणि वळवणारे दांडे-सांधे, सगळं बदला सांगितलं, आकडा ऐकून तोंड कोरडं. शेजारच्या वॉशिंगवाल्या पोराने रिमच्या आत हात घातला आणि वाळलेल्या मातीचं ढेकूळ काढून दाखवलं. केवढं, तर नारळाच्या कवडीएवढं. पाण्याचा फवारा मारला, खेळ खलास. दीडशे रुपये. वर चहा पाजला त्याला.

जुना_फिटर
@लाल_माती पोरगं हुशार. शंभरच्या वेगात चाक सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरतं. रिमच्या कडेला तीस ग्रॅम जरी जास्त असलं तरी त्या वेगाला ते चार-पाच किलोच्या ओढीने चाक हिसडतं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो चढत जातो, तसं ठरावीक वेगालाच गाडी हलते. पुढे गेलात की धक्क्याचा मेळ चुकतो, थरथर कमी होते. मेव्हणे खोटं बोलत नाहीत. पण दोष तिथेच असतो, बॉल जॉइंट आणि बुश (चाकाच्या जोडणीतले सांधे आणि रबर) मार खात राहतात.
फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क बघा, बॅलन्सिंगवर (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधण्यावर) पैसे घालवू नका.
आणि टायरवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक म्हातारे टायर वापरतात.

दहाचाकी
आमच्या घरात ट्रक. कारवाल्यांचं थरथरणं म्हणजे गुदगुल्या. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) मागे चालतो, पुढे नाही म्हणजे नाही, हा वडिलांचा नियम. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.
आमचा एक ट्रक रिकामा असला की सत्तरला डुलायचा, भरला की गप. ड्रायव्हर म्हणे वारा आहे. शेवटी जॅक लावला, चाकाखाली पहार घालून उचललं तर टक् टक्. किंगपिन गेलेले, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या झिजलेल्या. ग्रीसचं निप्पल मातीने बुजलेलं, ग्रीस वरच्यावर बाहेर पडत होतं नि क्लीनर दर आठवड्याला "मारलं मारलं" सांगत होता. खोटं तरी कसं म्हणणार, मारत होताच की!

सुगरण_काकू
मला गाडीतलं काही कळत नाही, पण आजींना नमस्कार सांगा. डबा सोडला नाही!

कोपरगावकर
@सुगरण_काकू आजी २००८ मध्ये गेली. पण तो पितळी डबा आहे, झाकणाला पोचा आहे. तो जीपमधला की नंतरचा यावर घरात दोन पक्ष आहेत.

पुणे_सातारा_पुणे
पंक्चर काढून निघालो, घाईत नट हातानेच आवळलेले. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, उतारावर धब धब धब. मला वाटलं रस्ता. त्या एस वळणाच्या आधीच थांबलो म्हणून हे लिहितोय. पाचातले तीन नट बोटाने फिरत होते. आता पंक्चरवाल्यासमोर पान्यावर स्वतः उभा राहतो. तो चिडतो. चिडू दे.

श्टुटगार्टचा_बाळू
इथे दर दोन वर्षांनी तपासणीत चाक हलवून बघतात, प्ले (सैलपणा) दिसला की नापास. मागच्या वेळी मी नापास. बाबा फोनवर म्हणाले, "तू दहावीलाही काठावरच होतास."

मिसळवाला
अवांतर: समृद्धीवर बरं खायला कुठे मिळतं? का डबाच न्यायचा?

सुगरण_काकू
डबाच न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. टिकतं, सांडत नाही.

कोपरगावकर
अपडेट. मेव्हण्याला धागा पाठवला. बॅलन्सिंगला पुढच्या डाव्या चाकाला ४५ ग्रॅम लागलं. टायरवर १४१६. स्टेपनी कोरी, कधी उतरवलीच नाही. दोन नवे टायर सांगितलेत. आता म्हणतो एकशेपाचला थरथरत नाही तर झोप येत नाही.

दहाचाकी
पण पुरणपोळ्या खाल्ल्या का त्या?

कोपरगावकर
तिथेच, रस्त्याच्या कडेला. बाबांनी डाव्या हाताने.