दोन आठवड्यांत काय होतं?
"दोन आठवड्यांसाठी नैरोबीला जाऊन तिथल्या मुलांना आपण काय देणार?" हा प्रश्न निघण्याआधी मलाही पडला होता. नैरोबीतल्या मथारे या झोपडपट्टीच्या वस्तीत १९८७ पासून मुलांची फुटबॉल संघटना आहे. तिथे वस्तीतला कचरा उचलला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात. आम्ही शिकवायच्या तयारीने गेलो आणि पहिल्याच शनिवारी हातात फावडं आलं. बारा-तेरा वर्षांची कप्तान मुलगी गटार कुठून उपसायचं ते आम्हाला दाखवत होती! म्हणून सांगते, इथूनच कार्यक्रम आखून नेऊ नका. काय हवंय ते तिथल्या पोरांनाच विचारा. आणि थोडी स्वाहिली, म्हणजे तिथली भाषा, शिकून जाच, नुसतं 'हबारी' (कसं काय?) म्हटलं तरी चेहरे खुलतात.