मफिनचं पाकीट आणि आपापले प्रताप

आज फडताळ आवरताना मागे मफिन मिक्सचं पाकीट सापडलं. तारीख उलटलेली, पावडरीचा दगड झालेला. आणि २०२० चा जून आठवला.

लेकीच्या वाढदिवसासाठी असंच पाकीट आणून ठेवलेलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या मुरूडला नारळी-पोफळी आडव्या, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. ओव्हन शोभेचा. सासूबाई म्हणाल्या, "धोंडस कसं करतो? तसंच कर." (धोंडस म्हणजे आमचा तवशाचा, मोठ्या काकडीचा केक.) मग चूल, जाड बुडाचं पातेलं, झाकणावर निखारे, साच्यांऐवजी स्टीलच्या वाट्या. वरून करपले, आत चिकट. पोरीने चार खाल्ले! तुमचे काय प्रताप?

सुरंगी
पाण्याऐवजी नारळाचं दूध घातलं, वर पाकिटावर लिहिलेलं तेलही. मफिन कसले, तेल गळत होतं. मिस्टर म्हणाले कागद पिळून दिवा लावू.

घावनवाली
मी मिक्सरने दहा मिनिटं फेटलं, म्हटलं वड्याच्या डाळीसारखं हलकं होईल. चामडं झालं नुसतं. मैदा आहे तो, जितका घोटाल तितका चिवट. चार गुठळ्या राहू द्यायच्या. हे कळेपर्यंत तीन पाकिटं संपली.

तिरफळ
तो दगड फेकून दी गो बाय. पावसाळ्यात दमट हवेन सोडा आणि आम्ल पाकिटातच एकमेकांक भेटतत, मगे ओव्हनात फुगाक काय उरतला?

सुरंगी
तिरफळ 😂😂

कोकमआगळ
निसर्गच्या वेळी आम्ही दापोलीत. कौलं उडाली, मफिन कुठले. पेजेवर दिवस काढले. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

हापूसवेडी
आटवलेला रस घातला होता अर्धी वाटी. मस्त फुगले आणि बाहेर काढल्यावर मधोमध बसले. चव मात्र अहाहा. पुढच्या वेळी रस घातला तेवढं पाणी कमी केलं, जमलं. घाईत लिहितेय, मासेवाली आलीय.

घावनवाली
काय मिळालं?

हापूसवेडी
बांगडेच. महाग झालेत.

नवीसून
श्रावणात चालेल असं मिळतं का? घरी अंडं चालत नाही.

कोकमआगळ
मिळतं की, हिरवा ठिपका बघून घ्यायचं. अंडं असेल तर हिरवा नसतो. आणि कृतीपण वाच, काही पाकिटांत अंडं आपण घालायचं असतं.

नवीसून
धन्यवाद काकू. ओव्हन नाहीये, कुकरमध्ये होतील?

घावनवाली
होतात. तळाला मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रिंग काढायची, आच बारीक. वाट्या पाऊणच्या वर भरू नकोस, माझ्या ओसंडून मिठात गेल्या होत्या.

तिरफळ
त्यापेक्षा धोंडसच करा. तांदळाचो रवो, जून तवसा, गूळ. पाकीट कित्याक व्हया?

हापूसवेडी
तिरफळ, तवसाचं पाणी टाकायचं का ठेवायचं? माझं नेहमी बिघडतं.

तिरफळ
टाकतंस कित्याक गो! त्यातच रवो भिजवूचो. बिया तेवढे काढ.