घरी केलेला प्रोजेक्टर की विकतचा? आपापले अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लेकीने चपलांच्या खोक्याचा प्रोजेक्टर केला. ती दहावीत आहे, आणि विज्ञानाच्या पुस्तकातला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा नुकताच झाला होता. खोक्याच्या एका अंगाला गोल भोक, त्यात आजोबांचं पेपर वाचायचं भिंग, आत डब्याला टेकवून उभा केलेला माझा मोबाइल. खर्च काहीच नाही.

भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे ऊन जिथे एका ठिपक्यात गोळा होतं तिथवरचं अंतर, तिने गच्चीत कागदावर उन्हाचा ठिपका पाडून पट्टीने मोजलं. १५ सेंटिमीटर भरलं. मोबाइल भिंगापासून १६ सेंटिमीटरवर ठेवला तर चित्र २४० सेंटिमीटरवर, म्हणजे आठ फुटांवरच्या भिंतीवर पडेल आणि १५ पट मोठं होईल, हे गणित तिने आधीच वहीत केलं होतं. सहा इंचांचा मोबाइल, नव्वद इंचांचं चित्र. आम्ही दिवे घालवले, पडदे ओढले, दाराच्या फटीत पायपुसणं सारलं. भिंतीवर चित्र आलं, अगदी वहीत काढलेल्या मापाचं. पण इतकं अंधुक की कोण बोलतंय ते आवाजावरूनच ओळखावं लागत होतं.

रात्री मी हिशोब करून बघितला. मोबाइलच्या अख्ख्या पडद्यातून फार तर १५-२० लुमेन (लुमेन हे उजेड मोजायचं माप) उजेड बाहेर पडतो. तो चहूकडे पसरतो, त्यातला भिंगात शिरतो तो जेमतेम एक लुमेन. बाकीचा खोक्यातच जिरतो. घरी वापरायच्या बऱ्यापैकी प्रोजेक्टरमधून दोन-तीन हजार लुमेन पडतात. मोबाइल २० सेंटिमीटरवर नेऊन भिंत दोन फुटांवर घेतली, चित्र दीड फुटाचं केलं, तेव्हा कुठे चेहरे ओळखू यायला लागले.

दुसरी गंमत अक्षरांची. चित्र उलटं पडतं म्हणून मोबाइल उलटा ठेवला, तर माणसं सरळ झाली पण पाट्या आरशात पाहिल्यासारख्या. लेक बराच वेळ खोक्याकडे बघत बसली. मग उठली, आजोबांचं जुनं धोतर दोरीवर वाळत घालतात तसं लांबवर ताणलं, खोका त्याच्या पलीकडे ठेवला आणि अलीकडे येऊन बसली. अक्षरं सुलटी! ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती.

माझं मत बनत चाललंय ते असं, की भिंग स्वस्त आहे, महाग आहे तो उजेड, आणि पैसे मोजायचे ते त्याच्यासाठी. पण हॉलसाठी एक प्रोजेक्टर घ्यायचा आहे, हाताशी वीस हजार आहेत, म्हणून विचारते. ज्यांनी घरी केला, ज्यांनी विकत घेतला, ज्यांचे पैसे वाया गेले, सगळ्यांनी लिहा. मोघम नको, आकड्यांसकट लिहा.

पुण्याहून

ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. धोतराची युक्ती फार मोलाची आहे.

मी २००७ साली पूर्ण आकाराचा प्रोजेक्टर बनवला. तेव्हा नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या खाली बात नव्हती. जुन्या बाजारात १५ इंची एलसीडी मॉनिटर मिळाला, मागची ट्यूब गेलेला, अठराशे रुपयांना. खोलून मागची ट्यूब आणि पांढऱ्या शीट काढल्या की हातात राहते एक काचेची पातळ पाटी, म्हणजेच पॅनेल. तिच्यातून आरपार दिसतं. तिच्या मागे प्रखर दिवा आणि दोन्ही अंगांना फ्रेनेल भिंगं (गोल खाचांची सपाट, पातळ भिंगं) लावायची, पुढे प्रक्षेपणाचं भिंग, एवढंच तत्त्व. फ्रेनेल भिंगं आणि पुढचं भिंग एका कॉलेजने मोडीत काढलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमधून मिळालं. दिवा ४०० वॉटचा मेटल हॅलाइड, मैदानावर लावतात तो. तो पेटवायला आणि चालवायला लागणारे चोक आणि इग्निटर तपकीर गल्लीतून आणले. प्लायवुडची पेटी साडेतीन फूट लांब झाली. सगळे मिळून साडेसात हजार आणि आठ महिन्यांचे रविवार.

त्या दिव्यातून तीस हजारांवर लुमेन निघतात, पण एलसीडीच्या पाटीतून पलीकडे जातो शंभरातला पाचेक भाग. भिंतीवर पोचले ते काहीशेच, बाकीच्याची पेटीत भट्टी झाली. पहिल्या चाचणीत दहाव्या मिनिटाला चित्राच्या मधोमध काळा डाग दिसायला लागला आणि पसरत गेला. मला वाटलं पॅनेल जळालं. दिवा घालवला, डोक्याला हात लावून बसलो, आणि गार होता होता डाग आपोआप निघून गेला. पॅनेलमधला द्रवस्फटिक ठरावीक तापमानापलीकडे गेला की त्याची रचना मोडते आणि तो भाग काळा पडतो, निवला की परत येतो. मग दिवा आणि पॅनेलच्या मध्ये उष्णता अडवणारी काच घातली, कॉम्प्युटरचे दोन पंखे आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला. पॅनेलच्या कडेची पट्टी दुमडताना तिला नखाएवढी चीर गेली, आणि चित्रात डावीकडे एक उभी हिरवी रेघ कायमची राहिली. केसाएवढी बारीक, पण पहिले काही दिवस मला तीच दिसायची.

तेव्हा राज्यात भारनियमन जोरात होतं. मेटल हॅलाइडचा स्वभाव असा, की वीज क्षणभर गेली तरी तो विझतो आणि गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसायचं. वाड्यातली सगळी मंडळी त्या वेळात चहा करायची. सात फुटांचं चित्र बघायला तीसेक माणसं जमत, आणि ती पेटी केल्याचा मला आजही अभिमान आहे.

तरीही आज कुणी करायला निघालं तर मी थांबवीन. इग्निटर दिवा पेटवताना हजारो व्होल्टचा झटका देतो. दिव्याची बाहेरची काच फुटली आणि आतली नळी चालूच राहिली तर अतिनील किरणांनी डोळे आणि कातडी भाजते. लहान मुलं घरात असताना हे नको. आता शंभर वॉटचे एलईडी मिळतात, काम पुष्कळ निर्धोक झालंय, पण उष्णता आणि उजेडाचा झगडा तोच आहे.

सांगलीहून

माझे पैसे वाया गेले म्हणून सविस्तर लिहितो. ऑनलाइन साडेसहा हजारांचा घेतला. खोक्यावर ‘९००० लुमेन’ आणि ‘१०८० पी सपोर्ट’. रात्री दिवे घालवल्यावर चित्र ठीक, पण अक्षरं फुटकी. कडेला तर वाचताच येईनात. शोधल्यावर कळलं, आतलं पॅनेल ८०० बाय ४८० ठिपक्यांचं, १०८० पी म्हणजे १९२० बाय १०८० हवेत. ‘सपोर्ट’ म्हणजे १०८० पी चं चित्र आत घेईल आणि आकसून ८०० बाय ४८० मध्ये दाखवेल, एवढंच. पंख्याने आत ओढलेली धूळ पॅनेलवर बसून सात महिन्यांत चित्रावर कापसासारखे ठिपके दिसू लागले, आणि उजव्या कोपऱ्यात पिवळट डाग पडला. विकणाऱ्याने हात वर केले.

घेताना दोनच गोष्टी विचारा: ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन (पॅनेलचे खरे ठिपके) किती आणि ‘अँसी’ लुमेन (ठरलेल्या पद्धतीने पडद्यावर मोजलेला उजेड) किती. ‘एलईडी लुमेन’, ‘लाइट सोर्स लुमेन’ असलं काही सांगायला लागला तर उठून या. स्वस्तातला घेणार असाल तर निदान सीलबंद ऑप्टिकल इंजिनचा, म्हणजे आतली भिंगं-पॅनेल बंद डबीत असलेला घ्या, धूळ शिरत नाही.

ठाण्याहून

एक भर. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुने दर बघून मन मोडलं असेल तर पुन्हा चौकशी करा.

नाशिकहून

ताई, तुमच्या वीस हजारांत माझा मार्ग बसेल. नवीन घेऊ नका. ऑफिसं जुने मीटिंग रूमचे प्रोजेक्टर मोडीत काढतात, ते शोधा. मी ३००० लुमेनचा डीएलपी (बारीक आरशांनी चित्र टाकणारा) साडेआठ हजारांना घेतला, २०१४चा. मेन्यूत दिवा किती तास जळलाय ते दिसतं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा २९०० तास झालेला होता. चार महिन्यांनी दिवा बदलला, साडेचार हजार गेले. म्हणजे एकूण तेरा हजार. उजेड असा की ट्यूबलाइट चालू असतानाही आई भाजी निवडत मालिका बघते.

उणिवा सांगतो. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८, चित्र चौकोनी, त्यामुळे सिनेमाला वरखाली काळे पट्टे. पंख्याचा आवाज. बंद करताना पंखा थांबेपर्यंत प्लग उपटायचा नाही, तसा उपटल्यानेच दिव्याचं आयुष्य सरतं. आणि या डीएलपीत रंगीत चकती गरगर फिरून एकामागून एक रंग टाकते, काहींच्या डोळ्यांना त्याचे इंद्रधनुषी झटके दिसतात. मला कधीच दिसले नाहीत, बायकोला पहिल्याच रात्री दिसले. तेव्हा घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवा. तीन एलसीडीवाल्यात (तीन रंगांना तीन वेगळी पॅनेलं असलेल्यात) ही अडचण नसते.

नेरूळहून

२ नोव्हेंबर २०२५. महिला विश्वचषकाची फायनल आमच्या इथेच, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटं मिळाली नाहीत म्हणून सोसायटीने पार्किंगमध्ये प्रोजेक्टर लावायचं ठरवलं. एकाने घरचा छोटा आणला, चारेकशे लुमेनचा. पावसामुळे सामना पाचला सुरू झाला. अंधार पडेपर्यंत पडद्यावर नुसता पांढरा उजेड, आम्ही मोबाइलवर स्कोअर बघत बसलो. सात वाजता एक काका पळत जाऊन ओळखीच्या क्लासमधून मोठा घेऊन आले, तेव्हा चित्र उमटलं.

इंटरनेटवरचं प्रक्षेपण अर्धा मिनिट मागे होतं, आणि स्टेडियमचा गजर आम्हाला थेट ऐकू येत होता. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट हिने शतक ठोकलेलं. पलीकडून एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. काय झालं हे आम्हाला कळलं होतं आणि पडद्यावर अजून गोलंदाज धावतच होती! मग तिचा झेल घेताना आपल्या अमनजोतच्या हातातून चेंडू उडाला, पुन्हा उडाला, आणि ती जमिनीवर पडता पडता पकडून बसली. आधी माहीत असूनही सगळे किंचाळले. तो उडणारा चेंडू मोठ्या प्रोजेक्टरवर दिसला. छोट्यावर दिसला नसता, हे मी खात्रीने सांगते.

कोल्हापूरहून

पडद्यावर पैसे घालू नका. फ्लेक्सवाल्याकडून कोरा पांढरा फ्लेक्स घ्या, कडेला रिंगा मारून घ्या. मॅट बाजू पुढे. चकचकीत बाजूला मधोमध दिव्याचा गोळा दिसतो. धोतर पलीकडून बघायला छान, पण समोरून टाकाल तर निम्मा उजेड आरपार निघून जातो.

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेतून

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत विकतचा प्रोजेक्टर आहे, लोकवर्गणीतून घेतलेला. वर्गाला पत्रे आहेत आणि खिडक्यांना झडपा नाहीत, त्यामुळे तो जास्त करून सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला चालतो. तो लावला की मुलं बघतात. खोक्याचा लावला की मुलं उठून जवळ येतात. मागच्या वर्षी एक मुलगा भिंगासमोर मोबाइल पुढेमागे सरकवत होता, आणि चित्र ज्या जागी स्पष्ट झालं तिथे त्याने खडूने जमिनीवर रेघ मारली. मग दुसरी जागा, दुसरी रेघ. पंधरा मिनिटांत त्याच्याकडे सहा रेघा होत्या. भिंगाचं सूत्र मी त्या रेघांवरूनच शिकवलं. ताई, विकतचा जरूर घ्या, पण खोका मोडू नका.

कल्याणहून

आमच्या गावाची एक गोष्ट इथे यायलाच हवी. फ्रान्सच्या लुमिएर बंधूंचे सिनेमाचे खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाले ते १८९६ साली. त्याच्याही चार वर्षं आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. काचेच्या बारीक पट्ट्यांवर हाताने चित्रं रंगवायची, एकेका हालचालीसाठी वेगळी पट्टी, आणि ती कंदिलापुढून भराभर सरकवत पडद्यावर हलती चित्रं दाखवायची. माणसाच्या नखाएवढा चेहरा काचेवर रंगवायचा आणि तो पडद्यावर पुरुषभर उंच व्हायचा, म्हणजे कुंचल्याची एक चूक किती मोठी दिसत असेल!

मूळ प्रश्न विचारणारी, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या दादांचं ऐकलं. एका ऑफिसातून ३२०० लुमेनचा तीन एलसीडीवाला मिळाला, अकरा हजारांना, दिव्याचे १४०० तास झालेले. घेण्याआधी चौघेही जाऊन बघून आलो. कोल्हापूरचा फ्लेक्स उद्या आणणार आहे.

लेकीने बीडच्या सरांचा अनुभव दोनदा वाचला. काल तिने हॉलच्या फरशीवर खडूने चार रेघा मारल्यात आणि प्रत्येकीशेजारी सेंटिमीटर लिहिलेत. फरशी पुसायची नाही असं सांगून शाळेला गेली आहे.