मदत हवी आहे: कमरेपर्यंत केस आणि १९४० च्या दशकातली फेल्ट हॅट, केस बांधू कसे?

नमस्कार मंडळी, जुन्या केशरचना, हॅट्स, नाटक-सिनेमाची केशभूषा यातलं कळणारं कोणी असेल तर प्लीज मदत करा. पोस्ट मोठी होणार आहे पण नेमकी अडचण कळायला हवी म्हणून सगळं लिहिते.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि या सप्टेंबरात गुडवूड रिव्हायव्हलला जायचंय. चिचेस्टरजवळ गुडवूडचा ट्रॅक आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानतळ होता, त्याच्याच कडेच्या रस्त्यावर १९४८ ते १९६६ कार रेसिंग चालायचं आणि १९९८ पासून दरवर्षी त्याच काळातल्या गाड्या पळवतात. बघायला येणारे लोकपण त्याच काळातले कपडे घालून येतात, अगदी हातमोजे पर्स सगळं. नवरा गाड्यांसाठी येतोय, मी कपड्यांसाठी. माझा राखाडी लोकरीचा सूट शिवून तयार आहे, कमरेत घट्ट आणि खाली घेरदार, १९४७ ला पॅरिसच्या फॅशन डिझायनर दिओरचा जो 'न्यू लूक' आला त्या धर्तीवर. आता सगळं अडलंय ते हॅटपाशी.

ही फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची) हॅट शेजारच्या आजींनी दिलीये, त्यांच्या आईची आहे. बाटलीच्या काचेसारख्या गडद हिरव्या रंगाची, छोटीशी, कपाळावर पुढे आणि एका डोळ्यावर तिरकी झुकणारी. आतली रिबन हाताने टाचलेली आहे, टाके इतके बारीक की बघत बसावं, आणि दोन्ही बाजूंना हॅटपिनची (हॅट केसांना अडकवायच्या लांब पिनेची) भोकं अजून दिसतात. मागे त्याच फेल्टची एक अरुंद पट्टी आहे जी डोक्याच्या मागून जाते, हॅट खरी त्या पट्टीवरच तोललेली असते. हॅट वाफेवर ताणून मोठी करायची नाहीये, नवीन भोक पाडायचं नाहीये, कारण आजींना ती घातलेली बघायचीये आणि मला ती जशीच्या तशी जपायचीये.

आणि माझे केस कमरेपर्यंत, दाट, एकदम सरळ आणि गुळगुळीत. कापायचे नाहीत, कृपया ते सुचवू नका.

आता होतं असं की खाली मानेवर अंबाडा घातला की तो बरोबर पट्टीच्या जागी येतो, पट्टीला बाहेर ढकलतो आणि हॅट नाकावर उतरते. अंबाडा वर घातला तर हॅट टेकतच नाही. दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळून पाहिल्या तर हॅट वेण्यांवर तरंगते आणि जरा मान हलवली की घसरते. तो ट्रॅक म्हणजे उघडं माळरान आहे, वारा भरपूर असणार, त्यामुळे नुसती टेकवलेली हॅट दिवसभर राहणं शक्य नाही.

मी जे वाचलंय बघितलंय त्यावरून मला एवढं कळलंय की त्या हॅट्स त्या त्या वेळच्या केसांच्या मापानेच बनायच्या. १९२० च्या दशकातली क्लोश, म्हणजे घंटेच्या आकाराची घट्ट हॅट, भुवयांपर्यंत खाली यायची कारण खाली बॉब केलेले केस असायचे, तिच्यात अंबाडा मावणारच नाही. त्याच्या आधी १९०० च्या सुमाराला त्या परातीएवढ्या हॅट्स होत्या तेव्हा बायका स्वतःचं गुंतवळ साठवून त्याच्या गाद्या करायच्या, त्यावर केस फुगवायच्या आणि वीतभर लांब पिना आरपार घालायच्या. १९६१ मध्ये जॅकी केनेडींनी नवऱ्याच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला पिलबॉक्स (डबीसारखी छोटी गोल हॅट) घातली तीसुद्धा डोक्याच्या मागच्या बाजूला, पुढचे फुगवलेले केस दबू नयेत म्हणून. तसंच चाळीसच्या दशकात खांद्यापर्यंत केस, पुढे वर वळवलेला रोल, मागे कुरळे. म्हणजे माझे कमरेपर्यंतचे केस बाहेरून खांद्यापर्यंतचे दिसले पाहिजेत आणि उरलेले हातभर केस कुठेतरी सपाट गडप झाले पाहिजेत. ते कुठे आणि कसे, हाच माझा प्रश्न.

दुसरं म्हणजे पुढचा रोल. एवढ्या लांब बटेचा रोल करायला गेलं की तो मनगटाएवढा जाड होतो आणि सुटतो. इथल्या सलूनमध्ये विचारलं तर त्यांना लांब भारतीय केसांची सवय नाही, हॅट न घेता या म्हणाले, मग उपयोग काय. कोणी असे केस असताना हे केलंय का?

---

प्रतिसाद:

अगं, मी बरीच वर्षं नाटकांची केशभूषा करते, असे काळातले प्रयोग केलेत. तुझं निदान बरोबर आहे, पट्टी आणि अंबाडा एकाच जागी आलेत. डोक्याच्या मागे हाताला लागतो ना तो हाडाचा उंचवटा, पट्टी त्याच्या लगेच खाली अडकायला हवी, तिथे केस पूर्ण सपाट पाहिजेत. जो काही फुगवटा तो पट्टीच्या वर नाहीतर खाली.

आधी कानापासून कानापर्यंत भांग पाड, पुढचे केस वेगळे ठेव. मग हॅटचा मधला भाग जिथे टेकतो तिथली लहानशी बट घेऊन तिची बारीक वेणी घाल, ती चकलीसारखी गुंडाळून आकड्यांनी सपाट बसव, दोन दोन आकडे फुलीसारखे एकमेकांवर. हा तुझा खुंटा. हॅटपिन जुन्याच भोकातून आत, या चकलीतून डोक्याला समांतर, आणि समोरच्या भोकातून बाहेर. पिन नुसत्या गुळगुळीत केसांतून घातलीस तर वाऱ्यात काही उपयोग नाही.

मागच्या केसांच्या अंबाड्याऐवजी दोन सैल वेण्या घाल, मानेवर एकमेकींवरून तिरक्या नेऊन विरुद्ध कानामागे टोचून टाक. टोकं आत दुमडायची. वेण्या बोटांनी दाबून चपट्या कर, मानेच्या अगदी खालच्या केसरेषेलगत ठेव, वर सरकू देऊ नकोस. जाड काळा दोरा आणि बोथट सुईने चार टाके घातलेस तर दिवसभर हलत नाही, आम्ही प्रयोगाला असंच करतो, आकडे कमी लागतात आणि डोकं दुखत नाही.

---

प्रतिसाद:

एक सोपा पर्यायपण आहे, स्नूड. क्रोशाची जाळीची पिशवी, मागचे सगळे केस त्यात. युद्धात कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे केस मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून खूप वापरायच्या. पट्टी स्नूडच्या वरच्या कडेवर बसते. १९४७ च्या धर्तीच्या सूटबरोबर थोडं आधीच्या काळातलं वाटेल पण कुपनांच्या दिवसांत बायका जुन्याच वस्तू वर्षानुवर्षं वापरत होत्या, इंग्लंडमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४१ ते १९४९ होतं, त्यामुळे खटकणार नाही. बाय द वे हॅटला कुपन लागायचं नाही, म्हणून पण आजींच्या आईंनी हॅट हौसेने घेतली असेल.

आणि ताई, तेल! आदल्या आठवड्यात तेल लावायचं थांबव. फेल्टला आणि त्या रिबनला तेलाचा डाग पडला की जात नाही. रिबनवर आतून पातळ मलमलची पट्टी टाच, टाके फक्त रिबनमधून घे, फेल्टमधून नको. पण केस त्याच दिवशी धुवू नकोस, आदल्या दिवशी धू, ताज्या धुतलेल्या केसांत पिना टिकत नाहीत.

---

धागाकर्ती:

दोघींचे मनापासून आभार, किती नीट समजावलंत. आज लगेच तिरक्या वेण्या आणि चकली करून पाहिली आणि पट्टी पहिल्यांदा जागेवर बसली, मान वाकवली, जिना चढले उतरले, हॅट हलली नाही. पट्टी उंचवट्याखाली गेली की सगळं वजन मागे जातं हे हातात धरून बघितल्याशिवाय कळलं नसतं. स्नूड पावसासाठी पिशवीत ठेवणार. मलमलची पट्टीपण आजच टाचते.

आता फक्त पुढचा रोल राहिला. ताई, तुम्ही नाटकात लांब बटेचं काय करता? गंगावनाचा तुकडा जाळीत भरून त्याची गादी केली आणि बट त्यावरून वळवून उरलेली लांबी मागच्या वेणीत मिसळली तर चालेल का, की वेणी एका बाजूने जाड होऊन पट्टी परत वाकडी होईल? आणि हॅट उजव्या डोळ्यावर झुकतीये तर रोल डावीकडे एकच करायचा की दोन्ही बाजूंना? जुन्या फोटोत मला दोन्ही प्रकार दिसले, पण ते फोटो बहुतेक हॅट नसतानाचे आहेत.