मदत हवी आहे: ॲपल वॉचचा पासकोड आठवत नाही

बाबांचं ॲपल वॉच सिरीज ८ आहे, सेल्युलरवालं. चार आकडी पासकोड त्यांना आठवत नाही. बरेच आकडे टाकून पाहिले, आता थांबायला सांगतंय. जोडलेला आयफोन हाताशी आहे. डेटा न घालवता उघडता येईल का? इथे फोंड्यात दुकानवाले 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात, द्यावं का?

प्रतिसाद १
दुकानात देऊ नका, आणि अंदाजाने आकडे टाकणंही आत्ताच थांबवा. 'इरेज डेटा' चालू असेल तर दहाव्या चुकीला घड्याळ स्वतःच पुसलं जातं. पासकोड विसरला की पुसण्यावाचून मार्ग नाही, दुकानवाल्यालाही नाही. मात्र घड्याळाचा बॅकअप आयफोन आपोआप घेत असतो, त्यामुळे बहुतेक सगळं परत येतं.

पुसण्याआधी बाबांच्या ॲपल अकाउंटचा पासवर्ड आठवतो का, ते पक्कं करा. 'फाइंड माय' (हरवलेलं उपकरण शोधायची ॲपलची सोय) चालू असेल तर पुसल्यावरही ॲक्टिव्हेशन लॉक राहतं आणि नव्याने जोडताना तोच पासवर्ड लागतो. खरी अडचण बहुधा इथेच होते, पासकोडपाशी नाही.

मग घड्याळ आणि फोन जवळजवळ ठेवा. फोनवर वॉच ॲप, माय वॉच, जनरल, रीसेट, आणि 'इरेज ॲपल वॉच कंटेंट अँड सेटिंग्ज'. सेल्युलर प्लॅनचं विचारेल तेव्हा 'कीप' निवडा, कारण तेच घड्याळ परत जोडायचंय. नंतर जोडणी करताना 'रिस्टोअर फ्रॉम बॅकअप' घ्या. बॅकअपमध्ये पासकोड नसतो, म्हणजे जुना आकडा परत येऊन अडवणार नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र पुन्हा जोडावे लागतील. हेल्थ ॲपमध्ये पोचलेल्या नोंदी फोनवरच असतात.

प्रतिसाद २
फोन हाताशी नसेल त्यांच्यासाठी: घड्याळ चार्जरवर लावा आणि शेवटपर्यंत काढू नका. बाजूचं बटण दाबून धरा. पॉवरचं चिन्ह असलेली स्क्रीन आली की बटण सोडा, पण कुठलाही स्लायडर ओढू नका. आता डिजिटल क्राउन, म्हणजे बाजूची फिरणारी गोल चावी, दाबून धरा, 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' दिसेपर्यंत. रीसेट, आणि पुन्हा रीसेट.

विचारणारा
फोनवरून करतो. पण क्राउन घट्ट झालाय, नीट फिरत नाही. कोलव्याला समुद्रात घड्याळ घालूनच उतरतात ते.

प्रतिसाद २
मग तो मीठ आणि रेतीचा थर आहे, आपल्याकडे हे होतंच. पिन, तेल, साबण काही लावू नका. घड्याळ बंद करून चार्जरवरून काढा, चामड्याचा पट्टा असेल तर तोही काढा. नळाच्या बारीक धारेखाली, कोमट गोड्या पाण्यात, क्राउन १० ते १५ सेकंद धरा आणि त्या वेळात तो सारखा फिरवत नि दाबत राहा. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. समुद्रातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुतलं की क्राउन अडकत नाही. ओल्या काचेवर बोट नीट उमटत नाही आणि बरोबर पासकोडही चुकीचा पडतो, तेव्हा आधी काच कोरडी करून मगच आकडे टाका.

प्रतिसाद ३
जुनं घड्याळ विकत घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: आधीच्या मालकाने आयक्लाउडवरच्या 'फाइंड' मधून ते काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसतं पुसलेलं घड्याळ तुमचं होत नाही.

विचारणारा
पासवर्ड सापडला, रीसेट लावलाय. देव बरें करूं!