नुसता फॉर्म पुरेसा नाही

एआर हेडसेट (समोरच्या दृश्यावरच माहिती दाखवणारा, डोक्यावर लावायचा डिस्प्ले) लावून ऑपरेशन करताना सर्जनच्या डोक्यावर किती लोड येतो ते मोजायला, ऑपरेशन झालं की त्याच्याकडून नासा-टीएलएक्स, म्हणजे कामाचा ताण किती वाटला ते विचारणारा फॉर्म, भरून घ्यायचा असं सुचवलं जातं, पण मला ते अपुरं वाटतं. सर्जरीसाठी २०११ मध्ये आलेला सर्ज-टीएलएक्स आहे ना, त्यात लक्ष विचलित होणं, प्रसंगाचा ताण हेही विचारतात, निदान तो तरी वापरा. आणि फॉर्म भरतात शेवटी, त्यामुळे मधेच रक्तस्राव झाला तेव्हा डोक्यावर किती लोड आला ते सगळं सरासरीत बुडून जातं. डोक्यावर लोड आला की डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणून तिचा आकार मोजणं चांगलंच, पण हेडसेटच्या उजेडानेही बाहुली लहानमोठी होते, तो भाग वेगळा काढायलाच हवा. मला तरी काम चालू असताना बीप वाजला की सर्जनला पेडल दाबायला किती उशीर होतो (लोड जास्त तर उशीरही जास्त) ते बघणं जास्त भरवशाचं वाटतं, अर्थात सिम्युलेटरवरच, खऱ्या पेशंटवर अजिबात नको.